तासाची सरासरी

२ सप्टेंबर

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे तसंच टेबलावर टाकलं असशील, तर वहिनी, तू उघड आणि त्याच्यापुढे ठेव. फोन तो उचलत नाही. मेसेज केला तर वाचल्याची खूण येते आणि पुढे काहीच येत नाही. ती खूण बघत बसण्यापेक्षा पत्र बरं. काम शाळेचं आहे. घरचं एक अक्षरही यात नाही.

आमच्या शाळेत खोल्या कमी, म्हणून आठवीचा वर्ग प्रयोगशाळेतच बसतो. एकेचाळीस मुलं. खोली तळमजल्यावर, आणि तिच्या डोक्यावर चार वर्षांपूर्वी बांधलेलं सभागृह. ते तुला माहीत आहे. इमारत सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर इंजिनिअर म्हणून सही तुझीच आहे.

बीम जिथे खांबावर टेकतो तिथून एक तडा निघतो आणि तिरका खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत उतरतो. सुट्टीत रंग दिला तेव्हा तो नव्हता, किंवा रंगाखाली असेल. बाबा गवंडीकाम करताना तड्यावर काचेची पट्टी चिकटवायचे, आठवतं? काच टिकली तर भिंत जागेवर, काच फुटली तर भिंत हलतेय. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्यातली एक काच मी चिकटवली. आठव्या दिवशी ती मधोमध तडकली. पातळ असते ती काच, कशानेही तडकते.

म्हणून म्हटलं, नीट मोजू. शाळेला गेल्या वर्षी एक डेटा लॉगर मिळालाय. डब्याएवढी पिवळी पेटी, तिला वेगवेगळे सेन्सर जोडता येतात. तड्याच्या एका बाजूला खिळा, दुसऱ्या बाजूला ओढ मोजणारा सेन्सर, आणि दोघांमध्ये ताणलेली एक कडक स्प्रिंग. तडा एक मिलिमीटर उघडला तर ओढ अर्ध्या न्यूटनने वाढते. मुलांनी वजनं लटकवून हिशोब काढलाय. त्यांच्यासाठी हा प्रयोग आहे, दुसरं काही नाही.

पेटी सुरू केली की आधी विचारते, कुठल्या पद्धतीने मोजू? पद्धती तीन. पहिली ठरावीक वेळेची. तासाभरात ती पुष्कळदा मोजते, सगळ्याची सरासरी काढते आणि एकच आकडा लिहून ठेवते. दुसरी बटणाची, आपण दाबू तेव्हा एक नोंद. तिसरी धक्क्याची. धक्का बसेपर्यंत पेटी गप्प असते, आणि आकडा एकाएकी ठरवलेल्या मर्यादेबाहेर उडाला की जागी होऊन सेकंदाला शंभर नोंदी घेते.

आज सकाळी पहिल्यांदाच लावली. मी पहिली पद्धत निवडली, तासाची सरासरी. सावकाश, शांतपणे, घाई न करता. घाई केली की काय होतं ते तू मला एकदा सांगितलं आहेस.

हे वाक्य घरचं झालं. खोडत नाही, कागद घाण दिसेल.

असा तडा नुसत्या उन्हाने येतो का? एवढंच कळव.

तुझी बहीण


९ सप्टेंबर

दादा,

तुझी चिठ्ठी शनिवारी मिळाली. "उन्हाने होतं. भिंत फुगते आणि आकसते. काळजीचं कारण नाही. दाखला बघ." चार वाक्यं, खाली नावही नाही. तरी मी ती दोनदा वाचली. चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, आता ते उजवीकडे झुकायला लागलंय.

तू म्हणतोस तसंच निघालं. आठवड्याचा आलेख काढला. दुपारी ऊन भिंतीवर आलं की रेघ किंचित वर, पहाटे किंचित खाली. रोज तेच. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, आलेख इतका आवडला की त्यांनी तो सूचनाफलकावर लावला. "बघा, आपली भिंत सुद्धा वेळापत्रक पाळते," असं प्रार्थनेच्या वेळी म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले.

सत्तावीसला, शुक्रवारी, सभागृहात पालकांचा मेळावा आहे. तीनशे पालक आणि दीडशे मुलं. आजपासून वर नाचाची तालीम सुरू झाली. खाली शिकवताना डोक्यावर धपाधप पाय पडतात आणि माझा खडू थांबतो. मुलांच्या लक्षात येऊ नये म्हणून फळा पुसत उभी राहते.

दोन गोष्टी सांगायच्या होत्या. दोन्ही फालतू आहेत.

आमचे शिपाईमामा दुपारी जिन्याखाली डबा खायला बसतात. ते म्हणाले, "बाई, वर पोरं उड्या मारतात तेव्हा तुमच्या खोलीत टक् होतं. कुणी बोटं मोडावीत तसं." मी म्हटलं, "मामा, तुमचीच हाडं वाजत असतील." ते हसले नाहीत.

दुसरी गोष्ट माझ्या वर्गातल्या एका मुलीची. तिला सगळे काऊ म्हणतात, कारण तिचं 'का, का' कधी संपत नाही. ती आलेखापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तासाचा एकच आकडा आहे. मग मधल्या वेळात भिंत काय करते?"

मी म्हटलं, "भिंत आहे ती, काय करणार? जा, जागेवर बस."

"सरासरी काढली की मोठे आकडे दिसत नाहीत ना पण? तुम्हीच शिकवलं होतं. एकाला शंभर आणि बाकीच्यांना शून्य..."

मी तिच्यावर ओरडले. वर्गासमोर. दादा, मी मुलांवर ओरडत नाही. हात पदरात गुंडाळून मी खुर्चीवर बसले.

तू एकदा येऊन बघशील का? बघायचं काही नाही, पण बघशील का?

बहीण


१६ सप्टेंबर

दादा,

उत्तर आलं नाही. मी वाट बघितली नाही असं म्हणणार होते, पण रोज टपाल आलं की ऑफिसात काहीतरी काम काढून जात होते.

गुरुवारी मुलं घरी गेल्यावर मी पेटीची पद्धत बदलली. धक्क्याची लावली. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशीही ती निवडता आली असती. पेटीबरोबरच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की अचानक होणारी हालचाल तासाच्या सरासरीत बुडून जाते. ते पान मी वाचलं होतं. वाचून मी तीच पद्धत निवडली जिच्यात ती बुडेल. आणि फलकावरच्या त्या आलेखात उभ्या पट्टीवर शून्य ते पन्नास न्यूटन घेतले. एवढ्या उंच पट्टीवर कुठलीही रेघ सपाटच दिसते. हे मी नववीला चूक म्हणून शिकवते.

मला सपाट रेघ हवी होती, दादा. बाबांच्या वेळी डॉक्टर म्हणाले आजच्या आज ऑपरेशन, तू म्हणालास दोन रिपोर्ट येऊ दे, आणि मी कागदावर सही केली. बाबा उठले नाहीत. हॉस्पिटलच्या दारात तू म्हणालास, "दोन दिवस थांबली असतीस तर आज बाबा असते." त्यानंतर मी कशातच घाई करत नाही. भाजी घेताना सुद्धा तीन दुकानं फिरते. म्हणून म्हटलं, आकडे येऊ देत. भरपूर येऊ देत.

आले. शुक्रवार ते आज, शनिवारची जादा तालीम धरून तीन दिवसांत चौदा वेळा पेटी जागी झाली. मी वेळा तालमीच्या वहीशी लावून बघितल्या. वर सगळी मुलं एकदम उडी मारतात त्या क्षणी तडा उघडतो, जवळजवळ अर्धा मिलिमीटर, आणि सेकंदभरात मिटतो. पण पूर्ण मिटत नाही, दादा. दर वेळी केसभर उघडा राहतो. चौदा केस मिळून अर्ध्या मिलिमीटरच्या वर गेलेत. तड्याच्या खालच्या टोकाला मी पेन्सिलीने खूण केली होती. टोक आता खुणेच्या पुढे बोटभर गेलंय.

आज मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंकडे कागद घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं बघितलं. मग चष्मा काढला.

"सभागृहाचा दाखला तुमच्या भावाच्याच सहीचा आहे ना?"

"हो."

"आणि तुमचं त्यांच्याशी बोलणं नाही. सगळ्या गावाला माहीत आहे."

"त्याचा इथे काय संबंध, बाई?"

"तेच विचारतेय. घरातलं भांडण शाळेत आणू नका." मग जरा मऊ आवाजात, "मी वर कळवते. माणूस येऊन बघेल. पण मेळावा झाल्यावर. खेळण्यातल्या पेटीवरून मी तीनशे लोकांना नको म्हणू शकत नाही."

वाईट नाहीत त्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, हे मला जास्त भिववतं.

उजेडाचं निमित्त करून मी बाकं खिडकीपासून दूर सरकवलीत. एकेचाळीस मुलं अर्ध्या खोलीत कोंबून बसलीत. मी स्वतः बीमखाली उभी राहून शिकवते. का, ते मला सांगता येणार नाही.

बारकी


२० सप्टेंबर

दादा,

काल वहिनीचा फोन आला. म्हणाली, "त्यांनी जुन्या फाइली काढल्यात. तुमचं पत्र आलं तेव्हापासून धड जेवत नाहीत. काय आहे हो त्या पत्रात?" मी म्हटलं, शाळेचं काम आहे. तिला मी काही सांगितलेलं नाही, आणि तूही सांगितलेलं दिसत नाही.

तू पहिल्या चिठ्ठीत लिहिलंस, दाखला बघ. मी बघितला. मोठ्या बाईंच्या खुर्चीमागे काचेच्या चौकटीत टांगलाय. पगाराच्या दिवशी, सहीच्या दिवशी, वर्षातून पन्नास वेळा मी त्याच्यासमोर उभी राहते. चार वर्षांत तुझ्या सहीच्या पुढे माझी नजर कधी गेली नाही. मंगळवारी गेली. "जागेवर जाऊन प्रत्यक्ष तपासणी केली," आणि खाली तारीख, १७ फेब्रुवारी.

सतरा फेब्रुवारीला तू शाळेत नव्हतास. तू माझ्याबरोबर होतास. सकाळी सातपासून ऑपरेशन थिएटरबाहेरच्या निळ्या खुर्च्यांवर. दिवसभर तू तिथून हलला नाहीस, मी साक्षीला होते. दुपारी एक माणूस कागदांचं पाकीट घेऊन आला. "साहेब, आजची शेवटची तारीख आहे, काम मी बघितलंय, फोटो आत आहेत." तुझ्या एका हातात चहा होता. तू कागद मांडीवर ठेवलेस आणि इकडेतिकडे बघितलंस, कप कुठे ठेवू म्हणून.

तो कप मी धरला होता.

तेव्हा मला वाटलं हॉस्पिटलचे कागद असतील. खरंच वाटलं का? आता शपथेवर सांगता येत नाही. त्या दिवशी जगातले सगळे कागद सारखेच दिसत होते.

हे मी मोठ्या बाईंना सांगितलं तर मेळावा पाचच मिनिटांत रद्द होईल, मला खात्री आहे. आणि तुझं काय होईल याचीही खात्री आहे. लायसन्स जाईल, कदाचित तुरुंग. तुझी मुलगी यंदा दहावीला. मी ऑफिसच्या दारापर्यंत तीनदा गेले. दारावर टकटक करायला हात वर केला की तुझं घर दिसतं आणि मी मागे फिरते. आत शिकवायला गेले की वर पाय वाजतात आणि मी पुन्हा ऑफिसकडे निघते. दोन्हीकडे भीतीच आहे, दादा. कुठल्या भीतीकडे पाठ फिरवायची एवढंच उरलंय.

म्हणून तुलाच विचारते, नाही, सांगते. तू ये. स्वतः येऊन बघ, आणि तुझ्या तोंडाने थांबवा म्हण. मग तारीख कोण बघतंय? बुधवारी संध्याकाळपर्यंत थांबते. गुरुवारी सकाळी मी ऑफिसात जाईन आणि जे आहे ते सांगेन.

हे पत्र स्वतः पोस्टात नेऊन टाकतेय, रस्त्यावरच्या टपालपेटीत नाही.

बारकी


२६ सप्टेंबर

दादा,

काल तू साडेतीनला आलास. त्याआधीचं तुला माहीत नाही, आणि फाटकापाशी आपण काही बोललो नाही, म्हणून लिहिते.

बुधवारची तिसरी तासिका. वर रंगीत तालीम, एकशे वीस मुलं, ढोलाच्या गाण्यावर. मी फळ्यावर आकृती काढत होते. पेटीने पीप केलं. आतापर्यंत ती एकदा पीप करून थांबायची. या वेळी थांबेना. मी वळून बघितलं तर आकडा वर गेला होता आणि खाली येत नव्हता. स्प्रिंग ताठ. खिडकीच्या कोपऱ्यातून गिलाव्याचा पावाएवढा तुकडा सुटला आणि रिकाम्या बाकावर पडला. बारा तारखेपर्यंत तिथे तीन मुलं बसायची.

कुणी ओरडलं नाही. एकेचाळीस तोंडं माझ्याकडे वळली. मी सांगितलं, "दप्तरं राहू द्या. दाराजवळच्या रांगेपासून उठायचं. पळायचं नाही. मैदानाच्या टोकाला भिंतीपासून लांब बसायचं." काऊ दाराशी थांबून मुलं मोजायला लागली. मी न सांगता. "एकेचाळीस, बाई. मला धरून," म्हणाली आणि मग बाहेर पडली.

शिपाईमामा घंटेकडे धावले. मी त्यांचा हात धरला. "घंटा नको, मामा! घंटा झाली की पोरं पळतात." वरची एकशे वीस मुलं एकदम धावली असती तर काय झालं असतं, ते मला चौदा आलेखांत दिसलं होतं.

मी जिना चढले. प्रत्येक पायरीवर वाटत होतं, माझंच वजन पुरेल. सभागृहाच्या दारात उभी राहिले. मुलं मधोमध गोलात नाचत होती, बरोबर बीमवर. खेळाच्या सरांना गाणं बंद करायला लावलं आणि हसले. कशी हसले कोण जाणे. "आता एक खेळ. सगळ्यांनी चपला हातात घ्यायच्या. भिंतीच्या कडेकडेने, चोरपावलांनी खाली जायचं. एका वेळी पाच जण. ज्याच्या पायाचा आवाज येईल तो बाद." सर माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं, कारण त्यांनी पहिली चप्पल स्वतः काढली.

एकशे वीस मुलं, पाच-पाच करून. चोवीस वेळा. पोरं खुदुखुदू हसत होती, एकमेकांना 'शूऽऽ' करत होती. पिसांचा मुकुट घातलेला एक लहानगा माझ्या जवळून जाताना कुजबुजला, "बाई, मी बाद नाही ना झालो?" मी मान हलवली. बोलले असते तर रडले असते. शेवटचे पाच उतरले आणि मग मी उतरले. माझ्याच चपला वर राहिल्या.

आणि मग काहीच झालं नाही. अकरा, बारा, एक वाजला. इमारत उन्हात जशीच्या तशी उभी. पालक गोळा झाले. कुणीतरी म्हणालं, "बाईंना भास झाला." मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एका गिलाव्याच्या तुकड्यासाठी?" त्या तीन तासांत मला किती वाटलं म्हणून सांगू, की पडू दे. एकदाची पडू दे. असं वाटल्याचीही मला भीती वाटली.

पुढचं तुझं. तू बसमधून उतरून थेट आत गेलास, मामा अडवत असताना. वीस मिनिटं आत होतास. ती वीस मिनिटं मी पायाखालच्या मातीकडे बघत होते. तू बाहेर आलास तेव्हा तुझ्या केसांत चुना होता आणि तू एकदम बाबांसारखा दिसलास.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या बहिणीने घाई केली. शाळेचं नाव गेलं."

तू म्हणालास, "घाई नाही केली हिने. उशीर केलाय, आणि तोही माझ्यामुळे. आत कुणाला पाठवू नका. मी हे न बघता सही केली होती."

मग तू बसस्टॉपकडे निघालास. मी हाक मारली. तू ऐकलीस, कारण तुझी मान हलली. पण वळला नाहीस. मी रागावले नाही. हे सांगायलाच हे पत्र.

बारकी


२२ ऑक्टोबर

दादा,

काल शाळेच्या चौकशीच्या सुनावणीनंतर तू घाईने बस पकडलीस. पोहोचल्याचं वहिनीने कळवलं.

आधी माझं. पेटी दोन सप्टेंबरला पहिल्यांदाच लावली, असं मी तुला लिहिलं होतं. ते खोटं होतं. तीस ऑगस्टला, शुक्रवारी, मी ती पहिल्यांदा लावली होती, आणि धक्क्याच्या पद्धतीवरच लावली होती. वर सातवीची कवायत चालली होती. दहा मिनिटांत आकडा एकदा उडाला. मी तो बघितला, आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं, आणि नोंद पुसून टाकली. सोमवारी वर्गासमोर पेटी नव्याने लावली, तासाच्या सरासरीवर. काल अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?" तेव्हा तू मधेच उठून म्हणालास, "माझ्या बहिणीला काही माहीत नव्हतं, तिने फक्त कप धरला होता." म्हणून मलाही उठावं लागलं. तुला ते सगळ्यांसमोर कळलं, एकटं असताना सांगायला हवं होतं. चुकले.

बाहेरच्या बाकावर तू विचारलंस, "का पुसलीस?"

मी म्हटलं, "तू का केलीस सही?"

तू म्हणालास, "बाबा गेल्याचं सांगायला डॉक्टर दार उघडून बाहेर आले ना, तेव्हा मी पेनाचं टोपण लावत होतो." एवढंच. मी तुझ्या बाहीला हात लावला आणि तू तो झटकला नाहीस. याहून जास्त मी मागत नाही.

निकाल तुला कळलाच. तुझं लायसन्स कायमचं गेलं, पुढचा खटला कोर्टात. मी सहा महिने निलंबित, घरी. गिलावा उतरवल्यावर दिसलं की बीमचं टोक खांबात हवं त्याच्या निम्मंच बसलेलं होतं, आणि तेही पोकळ. मोठ्या बाईंनी अधिकाऱ्यांना विचारलं, मेळावा झाला असता तर? त्यांनी नुसते कागद गोळा केले. मोठ्या बाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. मी त्यांना पाणी दिलं.

तुझी बस सुटल्यावरचं आता सांगते. मी कचेरीच्या फाटकातून निघाले तर काऊची आई उभी होती. ती कपडे शिवते, गळ्यात टेप तशीच होती. काऊ तिच्या मागे. मला वाटलं आभार मानायला आलीय. महिनाभर लोक येत होते, मुलं वाचवली म्हणून, आणि मी ते ऐकून घेत होते.

ती म्हणाली, "बाई, आत तुम्ही जे सांगितलं ते मी खिडकीतून ऐकलं. मला एकच विचारायचंय. तुम्हाला कळल्यापासून माझी मुलगी त्याच्याखाली किती दिवस बसली?"

माझ्या तोंडात दुसरंच उत्तर तयार होतं. थोडे दिवस. शनिवार-रविवार सोडले तर फारसे नाहीत. बाकं तर मी नंतर हलवलीच होती. भीती तीच होती, दादा, तीस ऑगस्टची, बोट बटणावर नेणारी.

मी म्हटलं, "एकोणीस."

तिने काऊचा हात धरला आणि दोघी रस्ता ओलांडून गेल्या. काऊने मागे वळून बघितलं. तिने काहीच विचारलं नाही, आणि तिला न विचारताना मी पहिल्यांदाच बघितलं.

तुझ्या दारातही कुणीतरी येईल. तुझ्याकडे चार वर्षांचा हिशोब विचारतील, आणि 'साधारण' हा शब्द तुझ्या जिभेवर येईल. तो गिळ. दिवस मोजून ठेव, दादा, आणि विचारतील तेव्हा जेवढे असतील तेवढेच सांग.

बारकी